दूरचित्रवाणी सचेतनपट : निर्मितिपद्धती आणि निर्मात्यांचा लौकिक

दूरचित्रवाणीवरून मालिकारूपाने प्रक्षेपित करण्यासाठी तयार केलेले सचेतनपट (ॲनिमेशनपट). स्थिर रेखाटने क्रमाने छायाचित्रित करून ती हालत असल्याचा आभास निर्माण करणे, हे मूळ तंत्र चित्रपटगृहातील व्यंगपटांत आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांत एकच आहे. भेद आहे तो उपलब्ध वेळेचा व पैशाचा. या भेदातून एक वेगळी निर्मितिपद्धती जन्मास आली आणि त्या पद्धतीच्या प्रवर्तकांना कलेचे मारेकरी मानावे की एका मरू घातलेल्या व्यवसायाचे तारणहार, याविषयी १९६० च्या सुमारास सुरू झालेला वाद अद्याप मिटलेला नाही. वादाची भाषा बहुधा सौंदर्यदृष्टीची असते. परंतु स्वस्ताईचा भार कोणी सोसला आणि श्रेय कोणाच्या नावावर जमा झाले, हे प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले, तरी सेकंदाला १२ रेखाटने लागतात. म्हणजे सतत हालणाऱ्या एकाच पात्राच्या सात मिनिटांच्या पटासाठी सुमारे ५,००० रेखाटने होतात. पात्रे वाढली, की हा आकडाही वाढतो. ज्येष्ठ चित्रकाराने हालचालीतील मुख्य टप्पे रेखाटावयाचे, साहाय्यकांनी त्यांमधील रेखाटने भरावयाची, मग प्रत्येक रेखाटन सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर गिरवून मागील बाजूने रंगवावयाचे आणि पार्श्वचित्रावर ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, असा हा क्रम असे. गिरविण्याचे व रंगविण्याचे काम अमेरिकेतील चित्रणगृहांत बहुधा स्त्रियांकडे होते व त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत. चित्रपटगृहासाठी वर्षाकाठी मोजकेच लघुपट तयार करणाऱ्या गटाला ही पद्धती परवडत असे. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम द्यावयाचा, तर ती अशक्य होती.

काटकसरीचा शोध दूरचित्रवाणीने लावला, असे मात्र नाही. डिझ्नी चित्रणगृहातील १९४१ च्या संपानंतर बाहेर पडलेल्या कलावंतांनी उभारलेल्या यूपीए या संस्थेने सपाट रंग, तुटक रेषा व मोजकी हालचाल यांचा उपयोग जाणीवपूर्वक, आधुनिक चित्रकलेच्या प्रभावाखाली केला होता. तिच्या ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’ (१९५०) या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि समीक्षकांनी ‘मर्यादित सचेतनीकरण’ ही एक नवी शैली म्हणून गौरविली. त्याच सुमारास अलेक्झांडर अँडरसन व जे वॉर्ड यांनी ‘क्रुसेडर रॅबिट’ ही खास दूरचित्रवाणीसाठी केलेली पहिली मालिका प्रक्षेपणात आणली. तीत चित्रे फारच थोडी हालत. कथन व संवाद यांवरच सारी भिस्त होती. एकाच काटकसरीला एका ठिकाणी शैली म्हटले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी दारिद्र्य, ही गोष्ट पुढील वाद समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

विल्यम हॅना (१९१०–२००१) आणि जोसेफ बार्बेरा (१९११–२००६) ही या वादातील मध्यवर्ती नावे होत. एमजीएम या चित्रपटसंस्थेत १९४० पासून त्यांनी ‘टॉम अँड जेरी’चे लघुपट दिग्दर्शित केले. या लघुपटांना सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. परंतु ती स्वीकारण्यास व्यासपीठावर गेले ते विभागप्रमुख फ्रेड क्विंबी. एमजीएमने १९५७ मध्ये हा विभाग बंद केला, कारण जुने पट पुन्हा दाखवूनही जवळजवळ तितकेच उत्पन्न मिळते, असा हिशेब तिच्या अधिकाऱ्यांनी मांडला होता. दोघांनी त्याच वर्षी स्वतःची संस्था काढली. एमजीएममध्ये एका लघुपटावर ४० हजार डॉलरांहून अधिक खर्च होई. दूरचित्रवाणीच्या पाच मिनिटांसाठी आता सुमारे ३,००० डॉलर मिळणार होते.

एवढ्या पैशांत काम बसविण्यासाठी त्यांनी पात्राचे अवयव सुटे केले. धड एकाच तावावर स्थिर ठेवावयाचे आणि फक्त डोके, ओठ किंवा हात हालवावयाचे. योगी बेअर या अस्वलाच्या उघड्या अंगावर कॉलर व टाय आहे, त्याचे कारण हेच : मान व धड यांमधील सांधा तीमुळे झाकला जातो. चालण्याची एकच आवर्तने पुन्हापुन्हा वापरली जात आणि पात्र धावू लागले, की त्याच्यामागून तेच झाड व तेच घर ठराविक अंतराने सरकत राही. पडणे, आदळणे यांसारख्या खर्चिक क्रिया पडद्याबाहेर घडत व त्यांचा केवळ आवाज ऐकू येई. हालचालीची उणीव भरून काढण्यासाठी संवाद खुसखुशीत लिहिले गेले आणि डॉज बटलरसारख्या आवाजाच्या कलावंतांना अपूर्व महत्त्व आले. ‘द हकलबेरी हाउंड शो’ (१९५८) प्रौढांनाही आवडला. ‘द फ्लिंटस्टोन्स’ (१९६०–६६) ही मालिका रात्रीच्या मुख्य वेळेत १६६ भाग चालली.

ज्येष्ठ दिग्दर्शक चक जोन्स (१९१२–२००२) यांनी या प्रकारच्या निर्मितीची ‘सचित्र नभोवाणी’ अशी संभावना केली. चित्र बंद करून केवळ आवाज ऐकला तरी कथा समजते, तर ते सचेतनीकरण नव्हे, असा या टीकेचा रोख होता व तो चुकीचा म्हणता येत नाही. सचेतनीकरणात पात्राचा स्वभाव त्याच्या हालण्यातून प्रकट होतो. हालचालच छाटली, की पात्रे बोलकी बाहुली होतात. याउलट, एमजीएमने रस्त्यावर आणलेल्या अनेक कलावंतांना हॅना-बार्बेरा संस्थेनेच काम दिले, हेही तितकेच खरे आहे. चित्रपटगृहांसाठी लघुपट काढण्याचा व्यवसाय त्या दशकात सर्वत्रच आटत होता. ज्या पूर्ण सचेतनीकरणाशी या मालिकांची तुलना केली जाई, ते चालविण्यास पैसे देणारा कोणी उरला नव्हता. त्यामुळे हॅना व बार्बेरा यांनी ते बुडविले, हा आरोप कालक्रमाला धरून नाही. त्यांच्यावर ठेवता येण्याजोगा खरा आक्षेप नंतरचा आहे. १९७० नंतर ही संस्था शनिवार सकाळच्या बालकार्यक्रमांची प्रमुख पुरवठादार बनली, मागणीपुरते काम झपाट्याने उरकू लागली आणि सुरुवातीच्या मालिकांतील विनोद व रेखाटनातील डौल मात्र मागे पडला. यशस्वी साच्याच्या नकला निघाल्या. त्यांतील अनेक स्वतःच्याच मालिकांच्या होत्या.

श्रेयाच्या बाबतीतही जुने चक्र फिरले. क्विंबीच्या सावलीत ज्यांची नावे झाकली गेली, त्यांच्याच नावांखाली आता इतरांचे काम लोकांपुढे जाऊ लागले. योगी बेअर व फ्लिंटस्टोन कुटुंबाची रूपे एड बेनेडिक्ट यांनी घडविली. ‘स्कूबी-डू’ (१९६९) या मालिकेची कल्पना लेखक जो रूबी व केन स्पीअर्स यांनी विकसित केली, तर त्यातील कुत्र्याचे रूप इवाओ ताकामोतो (१९२५–२००७) यांचे. ताकामोतो यांनी दुसऱ्या महायुद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठी उभारलेल्या मॅनझनारच्या छावणीत स्थानबद्ध असताना चित्रकलेचे धडे घेतले होते. सर्वसामान्य प्रेक्षकाला यांपैकी एकही नाव ठाऊक नसते.

फिल्मेशन ही प्रतिस्पर्धी संस्था लौकिकाच्या विरोधाभासाचे आणखी बोलके उदाहरण आहे. तिच्या मालिकांत पूर्वी काढलेल्या हालचालींचा साठा इतक्या वेळा वापरला जाई, की प्रेक्षकाला तेच धावणे व तीच वळून पाहण्याची लकब तोंडपाठ होई. ‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ (१९८३) ही मालिका तर मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवरच आधारलेली होती. प्रत्येक भागाच्या अखेरीस तीत नीतिपाठ दिला जाई. तथापि ही खेळण्यांची अर्ध्या तासाची जाहिरातच आहे, असा आक्षेप ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ या पालकांच्या संघटनेसारख्या गटांनी घेतला. अमेरिकेत १९९० मध्ये बालदूरचित्रवाणीविषयी कायदा झाला, त्यामागे अशा संघटनांचा दीर्घकाळचा आग्रह होता. असे असूनही सचेतनकारांच्या वर्तुळात फिल्मेशनचे प्रमुख लू शायमर यांच्याविषयी आदर आढळतो. याचे कारण पडद्यावर दिसत नाही. इतर संस्था रेखाटनाचे काम स्वस्त मजुरीच्या देशांत पाठवीत असताना या संस्थेने ते बहुतांशी लॉस अँजेल्समध्येच ठेवले. साठ्यातील हालचालींचा पुनर्वापर ही त्याची किंमत होती. पुढे ती नव्या मालकांच्या हाती गेली व फेब्रुवारी १९८९ मध्ये बंद करण्यात आली. मोठ्या कपातीपूर्वी कामगारांना ६० दिवसांची सूचना देण्याचे बंधन घालणारा संघराज्याचा कायदा दुसऱ्याच दिवशी अंमलात येणार होता.

काम परदेशी जाण्याचा प्रश्न अमेरिकी कलावंतांच्या संघटनेने १९७९ च्या संपात ऐरणीवर आणला. स्थानिक सभासदांना काम मिळाल्याखेरीज ते बाहेर पाठवू नये, ही अट तेव्हा मान्य झाली; परंतु १९८२ मध्ये सुमारे दहा आठवडे चाललेला संप फसला आणि ती अट गेली. त्यानंतर तैवान, दक्षिण कोरिया व फिलिपीन्स येथील चित्रणगृहे झपाट्याने वाढली. कथा, पात्ररचना, संवादांचे ध्वनिमुद्रण व दृश्यांचा आराखडा अमेरिकेत आणि प्रत्यक्ष रेखाटन व रंगकाम आशियात, अशी विभागणी रूढ झाली. ‘द सिंप्सन्स’ ही १९८९ मध्ये सुरू झालेली मालिका तिच्या लेखकांमुळे नावाजली गेली. तिचे रेखाटन मुख्यत्वे सोल येथील एकॉम या चित्रणगृहात होत आले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये बँक्सी या टोपणनावाच्या ब्रिटिश चित्रकाराने या मालिकेच्या एका भागाचे आरंभदृश्य योजिले व त्यात अंधाऱ्या तळघरात राबणारे आशियाई चित्रकार दाखविले. व्यंग अमेरिकी मालकांवर होते. पण ते दृश्यही नेहमीप्रमाणे एकॉममध्येच रेखाटले गेले. आपल्या आधुनिक चित्रणगृहाचे हे चित्रण अवमानकारक आहे, अशी नापसंती संस्थेचे प्रमुख नेल्सन शिन यांनी व्यक्त केली होती. आशियातील कारागिरांची बाजू घेण्याच्या भरात त्यांच्या कौशल्याचाच उल्लेख राहून जातो, हे या प्रसंगाने दाखविले.

जपानमध्ये हाच वाद एका व्यक्तीभोवती केंद्रित झाला. तेझुका ओसामू (१९२८–८९) हे युद्धोत्तर जपानी चित्रकथेचे सर्वांत प्रभावी कर्ते. आपल्या मुशी प्रॉडक्शन या संस्थेतर्फे त्यांनी ‘तेत्सुवान आतोमू’ (ॲस्ट्रो बॉय) ही अर्ध्या तासाची साप्ताहिक मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू केली; १९६६ अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले. एवढ्या वेगाने असे काम होऊ शकेल, यावर त्यापूर्वी तेथील व्यावसायिकांचा विश्वास नव्हता. एका रेखाटनाला तीन चौकटी, स्थिर चित्रावरून सरकणारा कॅमेरा, पूर्वीच्या रेखाटनांची ‘पेढी’ करून त्यांचा फेरवापर अशा उपायांनी ते साधले गेले. तेझुका यांनी मालिका निर्मितिखर्चापेक्षा कमी दराने विकली आणि तूट चित्रकथांचे मानधन, पात्रांच्या प्रतिमा वापरण्याचे हक्क व परदेशी विक्री यांतून भरून काढली. स्वस्त दर ठेवल्यास दुसरे कोणी या क्षेत्रात उतरणार नाही, असा त्यांचा कयास होता. प्रत्यक्षात इतर संस्था उतरल्या आणि वाहिन्यांनी त्यांनाही तोच दर लावला.

तेझुका यांच्या निधनानंतर लगेचच, १९८९ मध्ये, दिग्दर्शक मियाझाकी हायाओ यांनी एका नियतकालिकाच्या स्मृतिविशेषांकात त्यांच्यावर कठोर टीका केली. चित्रकथाकार म्हणून तेझुका यांचे ऋण मान्य करूनही, सचेतनपटांविषयी त्यांनी जे सांगितले व केले ते चुकीचे होते आणि त्यांच्या स्वस्त दराच्या पायंड्यामुळे या व्यवसायातील अंदाजपत्रके कायमची खुंटली, असे त्यांचे म्हणणे होते. मृत्युलेखांच्या संकेताला सोडून असलेली ही टीका जपानमध्ये अजूनही उद्धृत केली जाते. तिला उत्तर देणाऱ्यांचे मुद्दे दुर्लक्षणीय नाहीत. प्रचलित झालेला अल्प दराचा आकडा म्हणजे मुशीला मिळालेली पूर्ण रक्कम नव्हे, जाहिरातसंस्थेकडून अधिक पैसे मिळत होते, असे नंतरच्या संशोधनात पुढे आले आहे. दर पुढेही कमी राहिले याचा दोष १९६३ मधील एका कराराहून त्यानंतरच्या दशकांतील वाहिन्या, जाहिरातसंस्था व निर्माते यांच्याकडे अधिक जातो. शिवाय देझाकी ओसामू, रिनतारो, तोमिनो योशियुकी यांसारखे दिग्दर्शक मुशीतच घडले. १९७३ मध्ये मुशीचे दिवाळे निघाले. तेथील मंडळींनी काढलेल्या मॅडहाउस व सनराइज या संस्था मात्र पुढे नामांकित झाल्या. स्थिर चित्रांच्या बंधनातूनच देझाकी यांनी ‘आशिता नो जो’ (१९७०) या मालिकेपासून नाट्यपूर्ण क्षण गोठविण्याची स्वतंत्र शैली विकसित केली. उलटपक्षी, ज्या ‘आल्प्स नो शोजो हाइजी’ (हायडी, १९७४) मालिकेचा दर्जेदार कामाचा नमुना म्हणून उल्लेख होतो, तिच्या ५२ भागांची दृश्यमांडणी एकट्या मियाझाकी यांनी केली होती. वाहिनीने न दिलेला वेळ अशा वेळी कलावंतांच्या झोपेतून काढला जातो. दर्जा सांभाळण्याचा हा मार्ग सर्वांना अनुसरता येण्याजोगा नाही.

जपानी सचेतनकारांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मधली रेखाटने करणाऱ्यांचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख येन, म्हणजे नेहमीच्या नोकरदाराच्या तुलनेने फारच तुटपुंजे, होते. त्यांपैकी अनेकांना वेतन नसून प्रत्येक रेखाटनामागे मोबदला मिळतो. या रूढीला अपवाद म्हणून क्योतो ॲनिमेशन या १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे नाव घेतले जाते. कलावंतांना नियमित वेतनावर ठेवणे, नवोदितांना संस्थेतच शिकविणे आणि बहुतेक काम स्वतःच्या छताखाली करणे यांमुळे तिच्या मालिकांत एकसारखी सफाई आली. १८ जुलै २०१९ रोजी तिच्या एका चित्रणगृहाला लावण्यात आलेल्या आगीत ३६ जण मरण पावले.

दरम्यान अमेरिकेत लौकिकाचे माप बदलले. निकेलोडियन वाहिनीने १९९१ मध्ये ‘निर्मात्याची स्वतःची’ मालिका हे धोरण पुकारले. त्यातील ‘द रेन अँड स्टिम्पी शो’चे कर्ते जॉन क्रिकफालुसी यांनी रेखाटनातील आवेश दूरचित्रवाणीवर परत आणल्याबद्दल त्यांची मोठी प्रशंसा झाली. काम वेळेवर पुरे होत नसल्यामुळे व आशयावरील मतभेदांमुळे वाहिनीने १९९२ मध्ये त्यांना दूर केले, तेव्हा एका प्रतिभावंताचा धंदेवाईकांनी बळी घेतला, असेच चित्र बराच काळ रंगविले गेले. २०१८ मध्ये त्यांच्याविरुद्ध अल्पवयीन मुलींशी गैरवर्तन केल्याचे आरोप प्रसिद्ध झाले आणि एकट्या कर्त्याच्या नावावर मालिकेचे सर्व श्रेय टाकण्याच्या प्रथेचीच फेरतपासणी सुरू झाली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बॉब कँप आदींचा वाटा त्यानंतर अधिक मोकळेपणाने सांगितला जाऊ लागला. हॅना-बार्बेरा संस्थेचा लौकिकही याच काळात सावरला. टर्नर समूहाने ती १९९१ मध्ये विकत घेतली व पुढल्या वर्षी तिच्या जुन्या मालिकांच्या आधारावर कार्टून नेटवर्क ही वाहिनी सुरू केली. ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ (१९९६) व ‘द पॉवरपफ गर्ल्स’ (१९९८) यांच्या तरुण कर्त्यांनी जाड बाह्यरेषा, सपाट रंग व तुटक हालचाल ही १९६० च्या सुमाराची काटकसर शैली म्हणून पुन्हा स्वीकारली.

भारतीय प्रेक्षकांपर्यंत या दोन्ही परंपरा पोहोचल्या. ‘ही-मॅन’ दूरदर्शनवर दाखविण्यात आला. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची ‘जंगल बुक’ ही मालिका १९९३ मध्ये हिंदीत आली, तेव्हा शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज लाभला. देशातील निर्मितीचा पाया मात्र मुंबईत याआधीच घातला गेला होता. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात डिझ्नीतील सचेतनकार क्लेअर वीक्स यांनी १९५६ पासून प्रशिक्षण दिले. तेथे घडलेले राम मोहन (१९३१–२०१९) यांनी १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली व जाहिरातपटांच्या बळावर ती चालविली. युनिसेफच्या ‘मीना’ या दक्षिण आशियाई मालिकेतील मुलीचे रूप त्यांनी घडविले. आरंभीच्या भागांचे काही काम हॅना-बार्बेरा संस्थेच्या मनिला येथील चित्रणगृहात झाले. दूरदर्शनसाठी शुद्धसत्त्व बसू यांनी केलेली ‘गायब आया’ (१९८६) ही भारतातील पहिली सचेतनमालिका मानली जाते.

१९९० नंतर मुंबई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम येथे मोठी चित्रणगृहे निघाली व त्यांनी प्रथम पाश्चात्त्य मालिकांचे कंत्राटी काम पत्करले. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेच्या ‘छोटा भीम’ने (२००८) आणि मुंबईच्या कॉसमॉस-माया संस्थेच्या ‘मोटू पतलू’ने (२०१२) देशी पात्रांना बाजारपेठ आहे हे सिद्ध केले. साचेबंद कथा, थोडक्या हालचाली आणि भागांची अफाट संख्या हे हॅना-बार्बेरा संस्थेवर घेतले गेलेले आक्षेप आता या मालिकांवरही घेतले जातात. ‘छोटा भीम’च्या बाबतीत राजीव चिलका यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, हैदराबादेत त्याची रेखाटने करणाऱ्यांची नावे मात्र प्रत्येक भागाच्या अखेरीस काही सेकंदांत सरकून जातात.